टाके घातलेली सीट

मी सायकल बोलतेय. घंटा वाजवत बाजाराला जाणारी नव्हे हं! मी शर्यतीची. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, अशा तिहेरी शर्यतीतला मधला टप्पा माझा. अंगाने सडपातळ, रंगाने काळी, स्वभावाने जरा तिखट.

कारखान्यातून निघाले ती थेट समुद्राकाठच्या एका दुकानात आले. तिथून मी भाड्याने जाते. परगावचे खेळाडू येतात, सीटखालच्या दांडीवर चिकटपट्टी लावून आपल्या उंचीची खूण करतात आणि शर्यत झाली की मला परत आणून टेकवतात. मग दुकानदार मामा फडकं घेऊन सगळं पुसून काढतात. "मागच्याचं मागेच राहू दे," म्हणतात. माझ्या अंगावर कुणाचंच काही उरत नाही. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

एकदा एक नर्सबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. त्यांची स्वतःची लाल सायकल विमानप्रवासात मोडली होती. मागच्या वर्षी याच शर्यतीत वेळ संपली आणि मागे राहिलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत बसून त्यांना परतावं लागलं होतं. यंदा काही झालं तरी त्या गाडीत बसायचं नाही, असा पण करूनच त्या आल्या होत्या.

"आई, छान आहे की ही!"

"असेल. पण भाड्याची ती भाड्याचीच."

मोडक्या सायकलची सीट मात्र त्यांनी काढून आणली होती. एका बाजूने उसवलेली आणि जाड दोऱ्याने शिवलेली. नर्सच्या हातचे टाके ते, एकसारखे! मामांनी ती मला बसवली.

शर्यतीच्या सकाळी आम्हा सगळ्या सायकलींना एका आडव्या दांडीवर सीटने टांगून ठेवतात. कुंपणापलीकडून लेकीने आपली पिवळी रिबीन पुढे केली. "आई, हिला बांध ना. खूण राहील."

"एका दिवसाच्या पाहुणीला कशाला नटवायचं?" असं म्हणत बाईंनी चष्मा माझ्यावर अडकवलेल्या हेल्मेटमध्ये ठेवला आणि वळूनही न बघता समुद्राकडे गेल्या.

पोहल्या झकास. पण पाण्यातून धावत आल्या आणि घोटाळा झाला. सवयीने त्या लाल सायकल शोधू लागल्या! माझ्यासमोरून तशाच पुढे गेल्या. एका लाल सायकलीला हात घातला, ती दुसऱ्याची. मग आठवलं, आपली तर काळी. पण काळ्या सायकली तिथे पैशाला पासरी, आणि चष्मा माझ्यापाशी. लेक कुंपणाबाहेर तोंड दाबून उभी, कारण बाहेरून कुणी सांगितलं तर आई शर्यतीतून बाद. मला तर इतकं ओरडावंसं वाटत होतं! पण मला साधी घंटासुद्धा नाही.

बाई थांबल्या. एक दीर्घ श्वास घेतला. मग ओळीने एकेका सीटवरून हात फिरवत निघाल्या. एक गुळगुळीत, दुसरी गुळगुळीत, तिसरीही तशीच. आणि मग टाके!

"सापडलीस गं बाई!"

त्यानंतर आम्ही दोघीही हट्टाला पेटलो. वारा समोरून होता. चढावर ती उचलणारी गाडी मागून घरघरत आली. बाईंनी मान न वळवता तिला सुनावलं, "रिकामी जा!" शेवटच्या वळणावर, वेळ संपत आली म्हणून, एक माणूस रस्ता अडवायला दोरी घेऊन निघालाच होता. तो पोचायच्या आत आम्ही सायकली ठेवायच्या कुंपणात शिरलो.

पळणं संपवून, गळ्यात पदक घालून बाई मला न्यायला आल्या. दारावरच्याने विचारलं, "कुठली तुमची?"

"ही. ही माझी."

तोवर मला कुणी 'माझी' म्हटलं नव्हतं. मी भरून पावले.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी आपली सीट काढून घेतली. ती त्यांना लागणारच होती. मग लेकीच्या केसांतली पिवळी रिबीन सोडून माझ्या दांडीला घट्ट बांधली. मामा सवयीप्रमाणे फडकं घेऊन पुढे झाले.

"मामा, हिला हात लावायचा नाही," बाईंनी पेशंटला दटावावं तसं दटावलं. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं.

तेव्हा पाहुण्यांनो, मला खुशाल भाड्याची म्हणा. फक्त पाण्यात शिरण्याआधी एकदा माझ्याकडे नीट बघून जा. पिवळ्या रिबिनीवाली, ती मी. तुम्ही याल तोवर तुमचा चष्मा सांभाळत मी तिथेच असेन.