बाभळीचं बी आणि सुकलालआबाचं दुखणं

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात सुकलालआबाच्या शब्दावर कोणी शेळीसुद्धा विकत घेतली नसती. फैजपूरला एवढं मोठं केळ निघालं की सोलायला शिडी लावली, आणि साल रस्त्यावर पडलं त्यावरून एसटी घसरली ती थेट जळगावच्या स्टँडात जाऊन थांबली, हे आबाने डोळ्यांनी पाहिलेलं. लोक पोट धरून हसत. आबा मात्र गंभीर चेहऱ्याने तंबाखू मळत बसे.

गेल्या उन्हाळ्यात अशा माणसावर खरं बोलायची पाळी आली.

झालं असं, की गायरानातलं बाभूळबन तोडायचं सरपंच अभिमनने मनावर घेतलं. कारणही टोकदारच होतं. बनातून जाणाऱ्या वाटेवर काटे घुसून मोटरसायकली पंक्चर होत. खुद्द अभिमनचा भाऊ साखरपुड्याला निघाला आणि गाडी ढकलत, घामाने न्हाऊन पोचला. पण त्या बनावर आबाच्या शेळ्या जगत होत्या. शिवाय त्याची बायको सुगंधाबाई वाळल्या शेंगा बडवून बी काढी, भिजवी, दोनदा उकळून कडू पाणी ओतून देई आणि मग खापरावर भाजून घेई. त्याचं पीठ ज्वारीत घालून भाकर करी. गाव नाक मुरडायचं. म्हणायचं, हे तर दुष्काळातलं खाणं!

नात सरिता जळगावला कॉलेजात अन्नशास्त्र शिकत होती. आजीचं बी तिने प्रयोगशाळेत तपासलं होतं. बन तोडायचा ठराव ग्रामसभेत येणार हे कळताच तिचा फोन आला.

"आबा, तुरना दाळइतकं प्रथिन शे त्यामा. अन् आंगले गंज चढू देत नहीत असा घटकबी शेतस. पण जेवढं शे तेवढंच सांगजो. मीठमसाला नको."

ग्रामसभेत आबा उभा राहिला. जीभ सळसळली. शेंगा खाऊन सोनगीरच्या किल्ल्यावर चढलेला, त्याच्या नेहमीच्या थापेतला काळा बोकड अगदी ओठांवर आला. आबाने तो बोकड शिंगांसकट गिळला.

"बाभूळना बीमा तुरना दाळइतकं प्रथिन शे," तो म्हणाला. "भिजाडीसन, उकाळीसन, भाजीसन खावानं. औषध नही, खावानं शे. झाडं तोडू नका."

आणि खाली बसला.

मागे बसलेला भटू शेजारच्याच्या कानाला लागला. "बस? इतलंच? बोकड नही, किल्ला नही?"

"आबाले काहीतरी व्हयनं," कमलबाई घाबरून म्हणाली. "तोंड दखा त्यानं!"

अभिमन उठून आला आणि त्याने आबाच्या कपाळाला हात लावला. मग भटूला म्हणाला, "घर पोचाड रे त्याले. ठराव नंतर दखू."

भटूने धरून आणलेला आबा खाटेवर पडला आणि आढ्याकडे बघत राहिला. जन्मभर खोटं बोललो तर लोकांनी डोक्यावर घेतलं, एकदा खरं बोललो तर ताप बघितला! बन आता जाणारच, शेळ्या विकाव्याच लागणार, असं त्याला वाटलं.

पण गावात कोणी आजारी पडलं की सारं गाव भेटायला येतं, आणि आलेल्याला चहा न देता परत पाठवलं तर घराची शोभा जाते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. दुपारपर्यंत सुगंधाबाईचा चहाचा डबा रिकामा झाला आणि दूध संपलं. दारात माणसं उभीच. तिने काळंभोर भाजलेलं बी कुटलं, गुळाच्या पाण्यात उकळलं आणि कप भरले. सोबत त्याच पिठाच्या भाकरीचे तुकडे आणि लसणाची चटणी ठेवली.

कमलबाईने तीन तुकडे खाल्ले आणि चौथा पदरात बांधला. अभिमनने कप रिकामा करून पुढे केला.

"काकू, अजून थोडं. हाई काय शे वं? चहा नही, कॉफी नही."

"तुना आबानं दुखणं शे ते," सुगंधाबाई म्हणाली. "तू कुऱ्हाड लाईसन तोडाले निंघना, तेच."

अभिमनने कपात पाहिलं. मग खाटेकडे. "म्हणजे काल तू खरं बोलना, आबा?"

आबाने कूस बदलली. "एकदाच. परत नही बोलाव."

अभिमनने दुसराही कप संपवला. "पण काटा? गाडीनं काय करानं?"

"वाट नालाकडथीन वळाव," आबा म्हणाला. "तोवर काटा मी झाडसू."

पुढच्या सभेत वाट वळली, बन राहिलं. शेंगा वेचायला कमलबाईने बायकांना गोळा केलं आणि बी नीट कसं शिजवायचं, कसं साठवायचं हे शिकवायला सरिताला बोलावणं गेलं.

त्या सभेतून निघताना आबा दारात थांबला, घसा खाकरला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आते आयका. मना काळा बोकडनी ह्या शेंगा खाद्यात अन् सोनगीरना किल्लावर चढना. तठून असा वरडना, की हायवेवरना बठ्ठा ट्रकवालासनी गाड्या बाजूले लिद्यात. त्यासले वाटनं, मांगून मोठी गाडी वनी!"

सभा हसून लोळली. कमलबाईने सुस्कारा टाकून देवाला हात जोडले.

"बरा व्हयना वं माय!"