कुंकवाखालचा लाल ठिपका

मित्रांनो, मी चालायला शिकवणारा एक जुना कठडा आहे. दोन समांतर नळ्या, चार खांब, खांबांना उंची बदलायची भोकं आणि त्यांत बसणाऱ्या पिना, एवढाच माझा देह. सध्या मला माणसाचा हात जवळ आला की भीती वाटते.

२००१ साली गिंडीतल्या एका लहान कारखान्यात मी तयार झालो. तिथून मला अंबत्तूरच्या उपचार केंद्रात आणलं. तिथे व्यायाम शिकवणारी एकटी रंजनी. लकव्याने उजवं अंग गेलेले म्हातारे शेषगिरी मला धरूनच पुन्हा उभे राहिले. सहा वर्षांनी पाच वर्षांची निधी येऊ लागली; तिचा डावा पाय जन्मापासून अशक्त होता. आई अर्चना तिला आठवड्यातून तीनदा आणायची. निधीच्या उंचीचं भोक कळावं म्हणून रंजनीने तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

त्याच वर्षी, २००७ साली, केंद्र चालवणाऱ्या संस्थेने ठरवलं, की म्हाताऱ्या माणसांना आधी उपचार द्यायचे, तेही त्यांच्या घरी जाऊन. निर्णय चांगला होता. शेषगिरी घरी न्हाणीघरापर्यंत एकटे जाऊ लागले. पण रंजनी एकच राहिली. तिची स्कूटर दिवसभर बाहेर. निधीचे तीन दिवस जाऊन एक शनिवार उरला.

"टाच वर ओढली जाऊ लागली तर ऑपरेशन करावं लागेल," असं रंजनीने अर्चनाला बजावलं होतं. ऑगस्टमध्ये निधीची टाच जमिनीपासून एक बोट वर होती. ऑक्टोबरमध्ये दोन बोटं. हे मला दर शनिवारी दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

आयुधपूजा आली. केंद्र झाडणाऱ्या सकवारबाईने मला पुसून प्रत्येक भोकावर चंदन-कुंकू लावलं. मनापासून लावलं. दोन दिवसांनी, शनिवार नसतानाही, अर्चना निधीला घेऊन घाईने आली. रंजनी घरभेटींना गेली होती.

"अगं बाई, सगळीकडेच लाल! यातलं आपलं कुठलं?"

तिने अंदाजाने पिना लावल्या. एका भोकात चंदन वाळलेलं होतं. पिन अर्धीच गेली. मला ते कळलं. निधीने भार टाकला आणि माझी उजवी नळी खाली घसरली. तिची हनुवटी फरशीवर आपटली. तो आवाज अजून माझ्यात आहे.

त्यानंतर निधी दारातच रडायची. दोन शनिवार गेले.

मग एका गुरुवारी ऑटोतून शेषगिरी उतरले. त्या दिवशी अर्चनाने निधीलाही आणलं होतं. रंजनी मागून धावली. "मामा, पायरी जपून!"

"पोदुम, पुरे! घरातल्या घरात फिरायला शिकवलंस काय मला? माझा व्यायाम इथेच घे. माझ्याकडे यायचा-जायचा तुझा वेळ या पोरीला दे." ते माझ्या टोकाच्या खुर्चीवर बसले.

"मी नाही धरणार. तो पडतो," निधी आईमागून म्हणाली.

"पडतो? मग मला पण भय वाटतंय, कण्णा, बाळा. पिन बसली का, तू बघ बरं."

निधी पुढे आली. अंगठ्याने दाबलं. टक्.

"बसली."

"आणि पलीकडची?"

पलीकडच्या खांबापर्यंत चार पावलं होती. निधीने माझ्याकडे पाहिलं. मग दोन ओले, गार हात माझ्यावर आले. मी थरथरलो नाही, एवढंच माझ्या हातात होतं. एक. दोन. टाच अजून वर होती. तीन. चार.

टक्.

"ही पण बसली, आजोबा."

आता गुरुवार आणि शनिवार निधीचे आहेत. टाच खाली येईल की नाही, रंजनीलाही ठाऊक नाही. ज्यांना ऑटोत बसणंच शक्य नाही, त्यांच्याकडे ती जातेच, जायलाच हवं. पण मित्रांनो, कुणाच्या घरी मदत पाठवाल, तेव्हा ती आधी कुणापाशी होती तेही विचारा. आणि कुणाचा भार माझ्यासारख्यावर टाकण्याआधी प्रत्येक पिन स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघा. अर्धी बसलेली पिन मला कळते, पण मला ओरडता येत नाही.