गुलाबी येईपर्यंत

"अगाथा, बाजूला हो!" मी ओरडले आणि गिझरचं बूच काढलं. पाण्याची चिळकांडी थेट तिच्या छातीवर बसली.

"मेले गं! थंड झालाय म्हणालीस ना?"

"थंडच आहे. म्हणून तर किंचाळतेयस."

आम्ही दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी हसून हसून माझ्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, चाकाला टेकलो. खरं तर हसायला वेळ नव्हता. दुपारी माझा मुलगा मायरन रिजायना शहराहून गिऱ्हाईक घेऊन येणार होता. ट्रेलर विकायचा, असं त्यानं ठरवलं होतं. माझा ट्रेलर, तळ्याकाठची माझी जागा. सकाळी फोनवर म्हणाला, "आई, आज पाणी काढू नकोस हं. नळ चालू बघितल्याशिवाय कोण घेणार?"

हे त्यानं बोलायला नको होतं.

सरळ नाही म्हणायचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून पाहिलं. मायरन मान हलवतो, हसतो आणि आपलंच पुढे रेटतो. माझ्या कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचं एकच, "आई, तुझ्या वयात..." आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात लोकांच्या घाण चादरी उपसल्या, तेव्हा एकानंही माझं वय विचारलं नाही. आता उन्हाळ्यात अर्धी चड्डी घालून तळ्याकाठी बसते, तर सगळ्यांना माझ्या वयाचा पुळका!

आणि हिवाळा तोंडावर होता, रात्री पाणी गोठणार होतं, हे काही खोटं नव्हतं. पाइपात राहिलेलं पाणी गोठलं की पाइप फुटतो. टाकी रिकामी केली, गिझरकडं जाणारा कॉक बंद केला, पंपाची नळी न गोठणाऱ्या गुलाबी औषधाच्या कॅनमध्ये सोडली. नळातून गुलाबी आलं की तो पाइप वाचला. आत अगाथा नळांपाशी, मी पंपापाशी.

"आलं का?"

"साधंच पाणी!"

"आता?"

"नुसता थुंकतोय मेला!"

"आता?"

"गुलाबी! व्हर्ना, गुलाबी आलं गं!"

एकेक नळ, मग अंघोळीचा, मग संडासातला. प्रत्येक वेळी ती लॉटरी लागल्यासारखी ओरडत होती. शेजारच्या ट्रेलरमधला कुत्रासुद्धा भुंकायला लागला.

तेवढ्यात दोन गाड्या आल्या. गिऱ्हाईक तरुण होतं, बूट लखलखीत.

"काकू, जरा नळ सोडून दाखवता?"

"दाखवीन की. मे महिन्यात."

"मे?"

"आता सोडला तर औषध येईल. पिऊन बघायचंय?"

अगाथाला खोकल्याची उबळ आली. खोकला कसला, हसू दाबत होती.

तो मायरनला म्हणाला, "पाणी बघितल्याशिवाय मी नाही घेत हं. आतून पाइप फुटके निघाले तर?" माणूस शहाणा होता. अगाथानं त्याच्या हातावर बटाट्याचं सारण भरलेली गरम पेरोगी ठेवली, ती खात खात तो निघून गेला. अगाथाही ओले कपडे बदलायला गेली.

मायरन तिथंच उभा.

"मुद्दाम केलंस."

"हो."

"मला सांगायचंस ना!"

"किती वेळा सांगितलं? तू ऐकलंस कधी?"

गाडीकडं जाईल असं वाटलं, पण ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेला. तिथलं छोटं झाकण उघडलं.

"आई, बाहेरचा शॉवर राहिलाय."

वाळूनं भरलेले पाय धुवायचा शॉवर! सकाळपर्यंत भिंतीतला पाइप तडकला असता आणि ट्रेलर भंगारात गेला असता. मायरननं तोंड मिटून ठेवलं असतं, तर मला तळ्यावरून हलवायचं त्याचं काम आपोआप झालं असतं.

"पंप लाव," तो म्हणाला.

मी आत धावले. कंबर विसरून.

"आलं का रे?"

पंप घरघरत राहिला.

"मायरन, आलं का?"

"गुलाबी!" तो इतक्या जोरात ओरडला की तळ्यावरची बदकं उडाली.

बाहेर आले तर हा चांगल्या पँटीत चिखलात उकिडवा. बाही कोपरापर्यंत गुलाबी. शॉवर खाली धरून तो थेंब गळताना बघत होता, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यानं झाकण लावलं नाही.