‘कोरल वेव्ह’ बुजवलं ते साल

वडिलांनी स्केटपार्कवर दावा ठोकल्याचं लोर्नाला त्याच्या फाटकाशी कळलं. फाटकाला कुलूप होतं. आत मालक ऑस्ट्रँडर काँक्रीटच्या कोरड्या कुंडात पाय सोडून एकटाच बसला होता.

“तुझ्या बापाला जाऊन विचार,” तो म्हणाला. “विमावाल्यांनी हात वर केले. आता एका पोराला जरी आत घेतलं तरी मी गेलो.”

‘कोरल वेव्ह’ हा स्केटपार्क उघडून दोन वर्षंही झाली नव्हती. संत्र्याची बाग तोडून ऑस्ट्रँडरने चाकांच्या फळीवरून घसरायला ती कुंडं घडवली, तेव्हा फ्लोरिडाच्या त्या किनाऱ्यावर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी पोरं लोर्नाला म्हणाली होती, “बाहुली घरी राहिली का गं?” उन्हाळा सरेपर्यंत तीच पोरं तिच्याकडून वळणं शिकत होती. धाकट्या भावाला, ड्वेनलाही तिनेच तिथे आणलं, आणि तिथेच त्याची नडगी मोडली.

घरी वडील, व्हर्लिन टगल, जेवायला बसले होते. ड्वेन प्लास्टरमधला पाय खुर्चीवर टाकून समोर.

“डॅडी, नडगीचं पॅड आणि हेल्मेट ड्वेनने स्वतः काढलं होतं.”

“पोराचा पाय मोडलाय, आणि तुला त्या खड्ड्याचं पडलंय?”

“त्यालाच विचारा.”

“मीच काढलं, डॅडी,” ड्वेन पुटपुटला. “ती ओरडत होती, घाल म्हणून.”

“तू गप्प जेव.”

लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कोर्टात मी हेच सांगणार.”

“सांग. मग या टेबलावर परत बसू नकोस.”

ताट तसंच टाकून ती उठली, ती लाँड्रीवरच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

कोर्टात तिने सगळं सांगितलं. व्हर्लिन हरले. पण तोवर ऑस्ट्रँडरने जमीन फर्निचरवाल्याला विकून टाकली होती. निकालानंतर ती धावत गेली, तर बुलडोझर शेवटच्या कुंडात माती लोटत होता.

“थोडं थांबता आलं नाही तुम्हाला?” तिने ऑस्ट्रँडरला विचारलं. “मी बापाविरुद्ध उभी राहिले. कशासाठी?”

“मी तुला उभं राहायला सांगितलं नव्हतं, पोरी,” तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

नाताळला व्हर्लिनचा फोन आला. “ये जेवायला. झालं गेलं विसर.”

“तुम्ही चुकलात, एवढं म्हणा. लगेच येते.”

“जेवण गार होतंय,” ते म्हणाले. मग तिनेच फोन ठेवला.