अळणीला मटण म्हणत नाहीत

सूर्याजीरावांच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं, हेच मोठं नवल. खालचं त्यांच्या बायकोचं, शरयूचं. चातुर्मासात तिथं कांदासुद्धा यायला बिचकायचा. वरचं, म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड, सूर्याजीरावांचं. तिथं सिगडी, जाड बुडाचं पातेलं, पाटा-वरवंटा, आणि रविवारी सकाळी बाह्या सारून बसलेले खुद्द ते. मटण पुरुषानंच रांधायचं, हा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारामागच्या त्या गल्लीत मसाला भाजल्याचा वास सुटला की शेजारचे गुप्ताजी धाडधाड खिडक्या लावून घ्यायचे, आणि त्यांचा जावई आलेला असला तर तो हळूच जिना चढून वर यायचा.

शरयू पुराणिकांची लेक. मराठ्याच्या घरात ब्राह्मणाची मुलगी आली तेव्हा अख्ख्या लश्कर भागात बोभाटा झाला होता. तिचे वडील रमाकांत पुराणिक पहिल्या दिवाळीला आले आणि पाण्याचा घोटही न घेता उठून गेले. सूर्याजीरावांची थोरली बहीण सुधाताई पाण्याचं तांब्या-भांडं हातात घेऊन दारात तशीच उभी राहिली. तो तांब्या त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. आता त्यात शरयूचा काय दोष? पण नणंदेच्या कोर्टात सुनावणी अशी होतेच कुठं!

नवरा-बायकोनं मात्र आपसात करार करून टाकला होता. हाडूक गच्चीवरून खाली येणार नाही आणि शरयूचं नाक कधी मुरडलं जाणार नाही. बत्तीस वर्षं दोघांनी तो इमानानं पाळला.

यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी सूर्याजीराव जिन्यातच छाती धरून बसले. घामानं सदरा भिजून चिंब. मुलगा समरजीत घरी होता म्हणून निभावलं. दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, जीव वाचला. डॉक्टरांनी शरयूला आत बोलावून नीट समजावलं, "देखिए माताजी, मटन, कलेजी, चर्बी, ये सब बंद। नमक कम। मछली हफ़्ते में दो बार चलेगी, तली हुई नहीं। चिकन भी थोड़ा-सा, बिना चमड़ी का।"

ती बाहेर आली. बाकावर सुधाताई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले. सूर्याजीराव चार वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासून त्यांनीच भावाला वाढवलेलं.

"काय म्हणाला गं डॉक्टर?"

"सगळं बंद म्हणाले, वन्सं," शरयू म्हणाली. "मटण, मच्छी, कोंबडी. काही म्हणजे काही नाही."

बोलून गेली आणि तिचं तिलाच जाणवलं की आपण काहीतरी जास्तीचं बोललो. पण शब्द मागे घेतला नाही. मासळीचं दार उघडं ठेवलं तर त्या दारातून बोकडही येईल, हे ती आपल्या नवऱ्याला ओळखून होती. शिवाय तिनं स्वतः सांगितलं असतं तर 'बामणीण बोलली' म्हणून उडवून लावलं असतं. सोनारानं कान टोचलेले बरे. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. बत्तीस वर्षं त्या वासानं तिच्या पोटात दर रविवारी ढवळायचं. तो वास कायमचा थांबणार, या विचारानं भर दवाखान्यात तिला क्षणभर बरं वाटलं होतं. त्याची तिला लाज वाटली.

घरी आल्यावर सूर्याजीराव दुधी, तोंडली, मुगाची खिचडी मुकाट गिळू लागले. रविवार उजाडला की गच्चीवर जाऊन थंड सिगडीपाशी खुर्ची टाकून बसायचे. वीज मंडळात उभी हयात दरडावून बोलण्यात गेलेला माणूस, आता फोनवरही हळू बोलायचा. सुधाताई किला गेटहून यायच्या, भावाचा उतरलेला चेहरा बघायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. पण डॉक्टरचा हुकूम! त्यापुढं त्यांचंही काही चालत नव्हतं.

महिन्याभरानं तपासणीला सगळे गेले. सुधाताईही हट्टानं आल्या. डॉक्टरांनी कागद बघितले, छाती तपासली आणि सहज विचारलं, "मछली-वछली ले रहे हैं ना?"

सुधाताईंची जपमाळ थांबली.

"मछली तो आपने मना की थी ना, डॉक्टरसाब?" सुधाताई म्हणाल्या.

"मैंने? नहीं तो। पहले दिन ही बता दिया था माताजी को। मटन मत लीजिए, बस।"

शरयूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडीत समरजीत तेवढा म्हणाला, "आई, ये क्या किया तूने?" सुधाताई खिडकीबाहेर बघत बोलल्या, पण असं बोलल्या की काळजाला घरं पडावीत. "डॉक्टरच्या तोंडानं माहेर बोललं हो. बापानं पाणी टाकलं, लेकीनं ताट काढून घेतलं."

घरी आल्यावर सूर्याजीराव दार लावून म्हणाले, "शरयू, बत्तीस वर्षं मी तुझ्या उंबऱ्याच्या आत हाडूक आणलं नाही. मी खाटेवर पडल्याबरोबर तू करार मोडलास."

"मला भीती वाटली हो."

"कशाची? माझ्या मरणाची की त्या वासाची? तेवढं खरं सांग."

तिनं पटकन 'मरणाची' म्हणायला हवं होतं. कुणीही म्हणालं असतं. पण खोटं बोलून हात पोळले होते. दोन्ही खरं होतं, आणि ते कसं सांगावं या विचारात ती गप्प राहिली. सूर्याजीरावांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. उठले आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाताई हातात स्टीलचा डबा घेऊन आल्या. शरयूकडं न बघता सरळ गच्चीवर गेल्या. डब्यात अळणी होती. मटण नुसतं हळदीत शिजवलं की त्याचं जे पाणी काढून घेतात ते. ना मीठ, ना मसाला. मराठ्यांच्या घरात बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात, अंगात ताकद भरते म्हणून.

"वन्सं, मटण नको म्हणालेत डॉक्टर," शरयू जिन्यातून म्हणाली. "तुमच्यासमोर म्हणालेत."

"अळणीला मटण म्हणत नाहीत, बाई! तुला काय ठाऊक? ह्यात मीठ नाही, तेलाचा थेंब नाही. टायफॉईडमधून उठवला होता मी त्याला ह्याच्यावर. आणि आता डॉक्टर काय म्हणतो ते तू नको सांगूस. ते आम्ही ऐकून घेतलंय एकदा तुझ्या तोंडून."

झालं! समरजीतनं आत्याला समजावून पाहिलं, "आत्या, उसमें भी फॅट असतं ना!" तर त्या म्हणाल्या, तू आईच्या पदराला लागलास. मग तो आईवरच चिडला. "आता तू काहीच बोलू नको. तुझी बात मानणार कोण?"

हेच तर तिला खात होतं. मटणाचं ती खरं सांगत होती, डॉक्टरही तेच सांगत होता, आणि एका खोट्यापायी तिच्या खऱ्यालाही कुणी विचारेना. डबा रोज यायला लागला. मूग गिळून ती खाली भाजी चिरत बसायची. वरून भावा-बहिणीचं हसणं ऐकू यायचं. नवरा हसतोय म्हणून बरंही वाटायचं आणि तळपायाची आग मस्तकातही जायची. रात्री तो झोपला की ती त्याच्या नाकापाशी हात नेऊन श्वास बघायची.

मे महिना लागला. एके दिवशी सूर्याजीरावांनी निम्मी अळणी तशीच ठेवली. "नको वाटतंय, संध्याकाळी घेईन," म्हणाले. सुधाताई पातेलीत झाकून ठेवून गेल्या. ग्वाल्हेरचा उन्हाळा तो, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारपर्यंत नासलीच असती. शरयूनं पातेली उचलली. फेकून द्यावी असं मनात आलंही. पण संध्याकाळी मागितली आणि नसली, तर पुन्हा तेच, बामणिणीनं ताट काढून घेतलं. तिनं नाक दाबून पातेली खाली आणली आणि आपल्या फ्रिजमध्ये, देवाच्या दुधाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. ती घरात आल्यापासून पहिल्यांदा हाडूक उंबऱ्याच्या आत आलं, आणि आणलं कुणी, तर तिनं.

संध्याकाळी त्यांनी मागितलीच नाही. जेवलेही नाहीत. "उकाडा आहे," म्हणाले आणि पडून राहिले.

सकाळी दूध काढताना शरयूनं झाकण उचलून पाहिलं आणि पाहतच राहिली. वर पांढरा थर गोठला होता. चांगला बोटाच्या पेरभर जाड. सुधाताई आल्या तेव्हा ती दारातच पातेली घेऊन उभी होती.

"वन्सं, बसा. हे बघा."

"काय ते?"

"कालची तुमची अळणी."

सुधाताईंनी चमचा घेतला. थरावर टेकवला. चमचा आत जाईना. दाबला तसा एक तुकडा खळ्ळकन सुटला आणि तिरपा उभा राहिला, घट्ट आणि मेणचट. खाली गढूळ पाणी.

"हे तेल नाही," शरयू म्हणाली. "तुम्ही टाकलंच नाहीत. हे बोकडाच्या अंगातलं. मी मासळीचं खोटं बोलले, वन्सं. चूक झाली माझी. निम्मी त्यांच्या काळजीनं झाली आणि निम्मी माझ्या नाकासाठी. लाख शिव्या द्या. पण हे तर मी नाही ना केलेलं? हे त्यांच्या नळ्यांत जातंय हो रोज!"

सुधाताईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "रोज?" त्या म्हणाल्या. "रोज एवढं? अगं, मी तर मुद्दाम चरबीचे तुकडे निवडून घ्यायचे. खाटकाला सांगायचे, भावाला अशक्तपणा आलाय, चांगलं बघून दे." आणि त्या मट्कन खुर्चीत बसल्या. "माझ्याच हातानं, शरयू? माझ्याच हातानं?"

शरयूला त्यांची इतकी दया आली की ती पातेली बाजूला ठेवून त्यांच्यापाशी खाली बसली.

आतल्या खोलीच्या दारात सूर्याजीराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. चेहरा राखेसारखा झाला होता, एका हातानं चौकट धरलेली.

"परवापासून छाती भरून येतेय," ते म्हणाले. "जिना चढलो की जास्त."

"परवापासून? अहो, मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बोललो तर तू जिंकशील."

शरयू धडपडत उठली. एका खोट्याची एवढी किंमत वसूल व्हावी? जीव जात होता आणि माणूस बायकोपासून दुखणं लपवत होता, का, तर तिचं म्हणणं खरं ठरू नये! तिनं हाक मारली, "समर! गाडी काढ!" आणि तो आवाज गुप्ताजींच्या बंद खिडक्यांतूनही आत गेला.

दवाखान्यात पुन्हा तीच धावपळ, त्याच नळ्या. दुपार कलल्यावर डॉक्टरांनी शरयू आणि समरजीतला आत बोलावलं. या वेळी जाळीनं भागणार नव्हतं. तीन नळ्या बंद होत्या, बायपास करावी लागणार होती. मागच्या झटक्यात हृदय दुबळं झालेलं, त्यामुळं ऑपरेशनमध्ये धोका होता. केवळ या अळणीनं झालेलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. कित्येक वर्षांचं साचलेलं होतं. पण गेल्या महिन्यानं मदत नक्कीच केली नव्हती.

बाहेर सुधाताईंनी तिचा हात घट्ट धरला. हकीकत ऐकली आणि पदर तोंडात कोंबला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्याला धोक्याचं सांगू नकोस गं. घाबरून जाईल. छोटंसं ऑपरेशन आहे म्हण. तुझ्या पाया पडते."

समरजीतही म्हणाला, "हाँ आई, अभी मत बता. आत्या ठीक म्हणतेय."

शरयू दोघांकडं बघत राहिली. तिलाही तेच हवं होतं. छोटंसं आहे म्हणावं, त्यांच्या कपाळावरची आठी जाताना बघावी. जीभ तयारच होती. ती आत गेली.

सूर्याजीराव उशीला टेकून पडले होते. दंडाला सुया, ओठ कोरडे. तिला बघून त्यांनी मान किंचित वळवली.

"काय म्हणाले?"

ती स्टुलावर बसली. पदराची टोकं हातात धरली आणि सगळं सांगितलं. तीन नळ्या, बायपास, दुबळं हृदय, धोका. शंभरात किती वाचतात म्हणाले डॉक्टर, तेही सांगितलं. सांगताना रडली, पण एक शब्द कमी केला नाही की जास्तीचा घातला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते.

"डॉक्टरांना बोलावू?" ती म्हणाली. "त्यांच्याच तोंडून ऐका. किंवा समरला विचारा, तो होता माझ्यासोबत."

सूर्याजीरावांनी डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं.

"कशाला?" ते म्हणाले. "तू सांगितलंस ना."