घरातच बोल

टेलरकाकांच्या दुकानात कापड बेतायचं काम थोरलीचं. तिच्या हाताखालून चिंधीसुद्धा वाया जायची नाही. पण बाळ पोटातच गेलं, ती सासरहून माहेरी परतली, आणि तेव्हापासून कात्री धरली की तिची बोटं ताठ व्हायची. हाडांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी धाकटीनं तिला मनोविश्लेषण करणाऱ्या बाईंकडे नेलं.

तिथे गोळ्या नाहीत, उपदेश नाही. आठवड्यातून चार दिवस पलंगावर पडायचं आणि मनात येईल ते, लाज वाटली तरी, बोलायचं. बाई उशामागे, नजरेआड बसून ऐकायच्या. क्वचित एखादा प्रश्न विचारायच्या. थोरली म्हणायची, कसलं मेलं हे औषध, नुसता घसा कोरडा पडतो. पण काही महिन्यांत तिनं सुई धरली, काजं केली. धाकटीला केवढा आनंद झाला!

एवढ्यात धाकटीचं लग्न ठरायला आलं आणि आई म्हणू लागली, थोरली वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते हे कळलं तर सोयरीक मोडेल. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत, हा त्या घराचा कायदाच. आईनं तोडगा काढला.

"बोलायचंच आहे ना? मग घरातच बोल. आम्ही काय मेलोय?"

रविवारी दुपारी थोरलीला खाटेवर निजवलं. आई, बाबा, मामा उशाशी खुर्च्या टाकून बसले. आईनं तिचे केस कुरवाळले. माया खोटी नव्हती हो. असं नसतं हे, असं धाकटी सांगत राहिली, पण तिचं ऐकतो कोण?

थोरलीनं सवयीनं छताकडे नजर लावली. मग म्हणाली, "बाळ गेलं कळलं, तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आता त्या घरी राहायला नको, असं."

बाईंच्या खोलीत या वाक्यानं कुणी दचकलं नसतं. इथे आईचा हात तिच्या तोंडावर पडला. मामा उठून गेले. बाबा म्हणाले, "हे पुन्हा बोलायचं नाही."

तिनं ते पाळलं. सुई सुटली, मग बोलणंही सुटलं.

पाहुणे आले त्या दिवशी आईनं तिला आतल्या खोलीत बसवून कडी लावली. घरात आणखी कोण कोण, असं मुलाच्या आईनं विचारलं, तशी धाकटी उठली आणि कडी काढून थोरलीला हाताला धरून घेऊन आली.

"ही माझी ताई. हिच्यावर उपचार चालू होते, ते आम्ही बंद पाडले. उद्यापासून मी हिला पुन्हा नेणार आहे."

सोयरीक मोडली. आई धाकटीशी बोलेनाशी झाली.

आता धाकटी बाईंच्या दाराबाहेर बाकावर बसते. आत थोरली पडून असते. बाई घाई करत नाहीत. थोरलीच्या तोंडून अजून शब्द फुटलेला नाही. आणि बाबांनो, आपल्याही घरात कुणी असं छताकडे बघत पडलं असेल, तर आपला हात केसांवर आहे की तोंडावर, तेवढं एकदा पाहा.