माळीकाकांची तोंडी परीक्षा

"काका, बागेचं चित्र आलं आणि तुम्ही गप्प बसलात?" फ्रेंचच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "अख्खा वर्ग म्हणत होता, काकांना लॉटरी लागली!"

माळीकाका वहीचा कोपरा दुमडत राहिले. एका मोठ्या रुग्णालयाच्या बागेत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. या वयात फ्रेंच शिकायचं कारण म्हणजे परदेशात नर्स असलेली त्यांची लेक. नवरा सोडून गेलेला, पदरात पाच महिन्यांची मुलगी. "बाबा, तुम्ही आलात तरच मला कामावर जाता येईल," ती फोनवर म्हणाली होती. तिथे राहायचा परवाना हवा तर भाषेची पहिली परीक्षा पास होणं भाग होतं. लेखीत काका निभावून गेले. तोंडीत चार मिनिटं शब्द फुटला नाही.

"चित्रातला गुलाब कुणीतरी भलत्याच जागी छाटला होता, मॅडम. ते कसं सांगायचं ते येईना. आणि ते सोडून 'फुलं लाल आहेत' म्हणायला जीभ रेटेना."

"अहो, परीक्षेला तेवढंच लागतं! फुलं लाल आहेत, बाग सुंदर आहे."

"ते म्हणेन की. पण दुसरंही शिकवा. पुढच्या परीक्षेला दोन महिने आहेत."

मॅडम त्यांच्या लेकीपेक्षा लहान. पण हट्टी माणूस ओळखत होत्या. रविवारी सकाळी त्या शब्दकोश घेऊन बागेत आल्या आणि तासाभरात रडकुंडीला आल्या. फुटवा, आळं, कलम, पानांवरचा मावा...

"काका, मला हे आपल्या भाषेतसुद्धा माहीत नाही!"

"मग आधी ते शिका," म्हणत काकांनी त्यांच्या हातात खुरपं दिलं.

पुढचे सगळे रविवार असेच गेले. एरवी पाणी घालताना काका पुटपुटत असत. वॉर्डातली आया एकदा थबकली. "काका, झाडांशी भांडताय का?"

"शिकवणी चाललीय. तू जा."

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही. फूल म्हणजे 'ती', झाड म्हणजे 'तो'.

"झाडाला 'तो' म्हटलं की जावई आठवतो. दुसरं काही चालत नाही?"

"नाही."

काकांनी सुस्कारा टाकला आणि वहीत 'तो' लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी चित्र आलं ते रस्त्याचं. काकांचा चेहरा पडला. पण यावेळी गप्प बसायचं नाही, हे त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. बस निळी आहे. दुकान उघडं आहे. बाई रस्ता ओलांडते आहे. एकेक वाक्य त्यांनी फरशी बसवावी तसं नीट बसवलं. मग कडेचं झाड दिसलं. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं.

"लार्ब्र आ स्वाफ," ते म्हणाले. झाडाला तहान लागली आहे.

परीक्षक बाईंनी मान वर केली. तुम्ही माळी आहात का, असं फ्रेंचमध्ये विचारलं. हो म्हणताच, तुमच्या बागेबद्दल सांगा, म्हणाल्या. आणि काका सुटले. चुका झाल्या, पण थांबले नाहीत. गुलाब कुठे छाटायचा, कलम कधी बांधायचं, खिडकीतल्या रुग्णांना दिसेल अशा बेताने कुठलं फूल कुठे लावलं, सगळं सांगितलं; आता लेकीकडे जायचंय, तेही. वेळ संपल्याची घंटा वाजली तरी बाईंनी त्यांना अडवलं नाही.

तोंडीत त्यांना पंचवीसपैकी एकवीस गुण पडले. मॅडमनी वर्गात पेढे देतात तशा थाटात ती बातमी वाटली. काकांनी लेकीला फोन केला, नातीचं रडणं ऐकलं, हसले.

शेवटचा प्रश्न काय होता, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कागद आवरता आवरता बाईंनी सहज विचारलं होतं, तुमच्यामागे या बागेला पाणी कोण घालणार?

प्रश्नातला शब्द न् शब्द काकांना कळला होता.

"ज न से पा," ते म्हणाले. मला माहीत नाही.

उच्चार अगदी बिनचूक होता. मग ते उठले आणि खुर्ची उचलून, आवाज न करता, टेबलाखाली सरकवली.